लॅपटॉपमधल्या बाईचा शॉर्टकट

स्टीलचा पेला ओट्यावरून पडला आणि फरशीवर घरंगळत थेट बैठकीच्या दारापर्यंत गेला. घरात परवापासून अबोला होता. त्यामुळे तो पेला एखादं बँडपथक जावं तसा वाजला.

"पेला पडला," दिव्यानीचे बाबा म्हणाले.

"दिसला मले," मी म्हणाले.

असा आमचा अबोला सुटला. पेला पाडणारी दिव्यानी ओट्याला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि आपल्याला कोणीच रागवत नाही म्हणून जरा नाराजही झाली होती.

अबोला सुटल्या सुटल्या यांनी जाहीर केलं, "रविवारी भामरागडले जाऊ. तीन नद्यांचा संगम पाहू. लॅपटॉप घेऊन."

माझी तव्यावरची पोळी तिथंच करपली. रविवारी माझ्या माहेरची, कोसमटोल्याची मंडई होती. हे यांना चांगलं ठाऊक होतं. अबोला त्यावरूनच होता.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावच्या मंडया लागतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ, नाटक, आणि सासरी गेलेल्या झाडून साऱ्या पोरी नवऱ्या-लेकरांसकट माहेरी. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला जवायाकडे बोलावणं जातं. पुढे नाही. माझे बाबा म्हणतात, "मंडईले न्योता मागणं म्हणजे आपल्याच घरात शिरताना दार ठोकणं."

आणि आमच्या घरातले जवाई न्योत्यासाठीच अडून बसले होते.

झालं होतं असं. मागच्याच्या मागच्या मंडईत दंडार बघायला पुढच्या ओळीत दोन खुर्च्या होत्या. दणकट खुर्चीवर बाबांनी मोठ्या जवायाला, पत्रूभाऊला, बसवलं. घडीच्या खुर्चीवर यांना. यांनी नवा कोरा सफारी घातला होता. ढोलकीवर थाप पडली आणि खुर्चीने यांच्यासकट घडी घातली. गाव हसलं ते हसलं. पण बाबांच्या हातात माईक होता, आणि ते माईकमधून हसले.

तेव्हापासून यांचं एकच, "मामाजी स्वतः घ्यायले आले तर येईन. नाई तं नाई."

बाबांचंही एकच, "घ्यायले काऊन जाऊ? नवरदेव आहे का तो आता? आपल्या पायांनी येईल."

दोघांच्या नाकांच्या मध्ये माझी माय होती. रुखमाबाई. तिच्या डोळ्यांत पडदा येत चालला होता. दिव्यानीला तिनं पाहिलं ते रांगताना. परवा शेजारच्या धनराजच्या मोबाईलवरून तिनं फोन केला. इकडचं तिकडचं बोलली, धानाचं बोलली, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "पोरीले घेऊन ये वं रीता. डोळ्यात उजेड आहे तोवरी पाहून घेतो."

ते मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुम्ही मायलेकी बसनं जा." एकटी गेले असते तर गावाने विचारलं असतं, जवाई कुठी? आणि बाबांनी यांना कायमचं रुसलेलं ठरवून टाकलं असतं. मी तोंड फिरवलं. तो अबोला.

आता त्या लॅपटॉपचं सांगते.

हे वरोऱ्यात संगणकाचे वर्ग चालवतात. पोळ्याच्या सुमारास नागपुरातून एक जुना लॅपटॉप घेऊन आले. मांडीवर घेतला की पोरगं घेतल्यासारखा जड आणि तापल्या पोरासारखा गरम. त्याच्यात नकाशाची सीडी घातली. वायरची शेपटी असलेला एक काळा डबडा व्हॅनच्या टपावर चुंबकाने चिकटवला. दिव्यानीने त्याचं नाव उंदीर ठेवलं. उंदीर आकाशातल्या उपग्रहांशी बोलायचा, मग पडद्यावर आमची व्हॅन हिरवा बाण होऊन चालायची, आणि आतून एक बाई इंग्रजीत सांगायची, टर्न लेफ्ट, टर्न राइट.

पहिल्याच दिवशी त्या बाईने यांना रेल्वे फाटकाजवळ डावीकडे वळवलं ते थेट एका जिनिंगच्या आवारात. कापसाच्या ढिगासमोर व्हॅन थांबली. चौकीदार इस्तारीभाऊ काठी टेकत आले.

"कापूस आणला का, मास्तर?"

"नाई. रस्ता पाहून राह्यलो."

"रस्ता बाहेर आहे," इस्तारीभाऊ म्हणाले.

तरी यांचा त्या बाईवरचा विश्वास हलला नाही. माझं मात्र लग्नापासून एकही ऐकलेलं नाही. मी 'इथून वळा' म्हटलं की हे पुढच्या चौकातून वळणार. ती म्हणाली की लगेच इंडिकेटर. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, नवऱ्याने ऐकावं असं वाटत असेल तर बाईने इंग्रजीत बोलावं आणि लॅपटॉपात राहावं.

शुक्रवारी दुपारी हे वर्गावर गेले. दिव्यानी माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपली. मी हळूच पदर सोडवून तिच्या मुठीत उशीचा कोपरा दिला आणि लॅपटॉप उघडला. यांनी रविवारचा रस्ता आखून ठेवला होता. वरोरा, चंद्रपूर, मूल, गडचिरोली, तिथून खाली चामोर्शीकडून भामरागड. जांभळी रेघ. तिला माउसने धरून ओढलं की रबरासारखी ताणली जायची. यांना ओढताना मी बघितलं होतं.

मी ती गडचिरोलीहून धानोऱ्याकडे ओढली. धानोऱ्याच्या पलीकडे कोसमटोला असायला हवा होता. नव्हता. सगळं हिरवंगार आणि कोरं. जिथं एवढी मोठी झाले ते गाव नकाशात नाहीच! मला त्या बाईचा खरंच राग आला. मग जवळ जाऊन, अजून जवळ जाऊन पाहिलं, तर हिरव्यात एक निळा ठिपका दिसला, एका बाजूला चोच काढलेला. आंब्याच्या कोयीसारखा. आमचा तलाव. चोचीच्या जागी धुण्याचे दगड, तिथं मायनं मला पोहायला शिकवलं आणि पाठीवर धपाटे घालून बाहेर काढलं. पडद्यावर बोट ठेवलं तर बोटाखाली सगळं गाव झाकलं गेलं.

दिव्यानी कूस बदलून पुटपुटली. मी घाईने ठिपक्याशी खूण टोचली. लॅपटॉपने विचारलं, नाव? कोसमटोला लिहिलं असतं तर खेळ तिथंच संपला असता. मी लिहिलं, शॉर्टकट.

शॉर्टकट म्हटलं की यांच्या अंगात वारं येतं. शॉर्टकटपायी यांनी एकदा आमची वरात उशिरा पोचवली होती.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. लॅपटॉप माझ्या मांडीवर, दिव्यानी मागच्या सीटवर, टपावर उंदीर. मूल गेलं, वैनगंगेचा पूल गेला. बाई गोड बोलत होती. दिव्यानी प्रत्येक वेळी तिला "हो बाई" म्हणून उत्तर देत होती.

गडचिरोलीच्या चौकात चामोर्शीचा रस्ता उजवीकडे सुटला. बाई म्हणाली, सरळ चला.

यांनी व्हॅन कडेला घेतली. "सरळ? सरळ तं धानोरा."

"मले काय विचारता? तिले विचारा," मी म्हणाले.

"दाखव." यांनी मान लांब करून पडद्यात पाहिलं. जांभळ्या रेघेवर इंग्रजीत लिहिलेलं होतं, शॉर्टकट. हे बराच वेळ बघत राहिले. मी चष्मा नसतानाही चष्मा सावरल्यासारखं काहीतरी केलं.

"हं," हे म्हणाले. "तिले वरून दिसते. आपल्याले काय दिसते? एखादा नवा रस्ता झाला असंन." आणि व्हॅन सरळ सोडली.

पुढे हे भलतेच बोलके झाले. उपग्रह किती उंच असतात, सिग्नल कसा येतो. धानोऱ्याची पाटी समोर आली नेमकी तेव्हा यांना डाव्या बाजूच्या सागात काहीतरी दिसलं. दिव्यानी मागून म्हणाली, "आई, हे तं आज्जी…" मी वळून तिच्या तोंडात बिस्कीट घातलं. आजीच्या गावाला जाऊ, असं मीच तिला गेल्या दोन रात्री कानात सांगत झोपवत होते. आठवण ठेवायला पोरीने नेमका हाच दिवस निवडला.

आणि मग लॅपटॉप विझला.

सिगारेट लायटरच्या खाचेतून त्याला वीज मिळायची, ती कधी बंद पडली कोणाला ठाऊक. पडदा काळा झाला, त्यात फक्त माझं भेदरलेलं तोंड. बाई वाक्याच्या मध्येच गप्प झाली. फाटा तर अजून पुढे होता. तोच खरा फाटा, मोहाच्या झाडाखालचा, ज्याला ना पाटी ना दगड.

मी झाकण अर्धं मिटलं आणि पडद्यात बघत असल्यासारखी मान घातली.

"काय म्हणते?" यांनी विचारलं.

"सरळ म्हणते."

"आवाज नाई आला."

"हळू बोलून राह्यली."

यांनी आरसा नीट केला. दिव्यानी दोन सीटांच्या मधून वाकून काळ्या पडद्याकडे टक लावून बघत होती. मी डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितलं.

दुरून मोह दिसला. आता 'डावीकडे वळा' म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं आणि हे नेहमीसारखे पुढच्या चौकाकडे निघून गेले असते, तर पुढे चौकही नव्हता, थेट छत्तीसगड होतं. मायचा आवाज कानात वाजत होता. डोळ्यात उजेड आहे तोवरी. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. झाड जवळ आलं.

व्हॅनचा वेग कमी झाला. इंडिकेटर टिकटिकला. व्हॅन डावीकडे वळली, मोहाच्या सावलीतून कच्च्या रस्त्यावर उतरली, आणि पहिल्या रपट्याच्या, त्या बुटक्या पुलाच्या, अलीकडे, जिथं दरवर्षी पाणी एकच खड्डा पाडतं, तिथं आपोआप उजवीकडून गेली.

मी यांच्याकडे पाहिलं. हे समोर पाहत होते. गुणगुणत होते.

धानाच्या गंजींच्या मधून आधी पाळणा दिसला, मग भोंगा ऐकू आला, मग सगळी मंडई आली. आमची व्हॅन बघून पोरं धावली आणि त्यांच्या मागून पांढऱ्या धोतरातले बाबा. व्हॅनपासून चार हात दूर ते थांबले. हेही उतरून तिथंच थांबले. दोघंही एकमेकांकडे सोडून सगळीकडे बघत होते. मी लॅपटॉप छातीशी धरून देवाचं नाव घेत होते.

"मामाजी," हे शेवटी म्हणाले, "आम्ही तं भामरागडले चाललो होतो. मशीननं इकडे आणलं."

बाबांनी टपावरच्या उंदराकडे पाहिलं. लॅपटॉपकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मशीन शहाणी आहे," ते म्हणाले. "बिना न्योत्याची मंडईले येते." मग मागे वळून ओरडले, "ए मुखरू! जवायाले खुर्ची आण! लोखंडाची आण रे, ते दुसरी नको!"

आधी यांचंच हसू फुटलं. मग बाबांचं. या वेळी माईक नव्हता, तरी सगळ्या मंडईला ऐकू गेलं.

तोवर माय आली होती. दिव्यानीचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून तिनं उजेडाकडे वळवला, पाखडताना सूप वळवतात तसा, एकदा इकडे, एकदा तिकडे. अगदी नाकाला नाक लागेपर्यंत जवळ घेतला. "कपाळ तुझं आहे वं," मला म्हणाली. "हनुवटी जवायाची." मी पदर तोंडावर दाबला. लोखंडी खुर्ची आली, हे बसले, पाण्याचा गडवा आला.

दिव्यानी आजीच्या हातांतून मान सोडवून मघापासून यांच्याकडे बघत होती. तिचं बिस्कीट संपलं होतं. सगळी मंडळी गप्प झाली नेमका तेवढा क्षण तिनं धरला.

"पण आई," ती मोठ्यांदा म्हणाली, "बाई तं झोपून गेली होती. मग बाबाले वळायले कोणं सांगतलं?"