नावाची फळी

ढोपर ही कंपनी सुरू झाली ती आमच्या घराखालच्या गॅरेजमध्ये, आणि त्याबद्दल मला कोणी शिकवू नये, कारण ते गॅरेज माझं होतं. तिथे माझी छपाई चालायची. दुकानांच्या पिशव्या, शाळांचे टी-शर्ट, निवडणूक आली की दोन्ही पक्षांचे झेंडे. धाकटा भाऊ फर्निचरच्या कारखान्यात कामाला होता. एक दिवस तो लाकडाचे पातळ पापुद्रे घेऊन आला, एकावर एक चिकटवले, वरून गाडीचा जॅक दाबला आणि म्हणाला, ताई, आपण स्केटबोर्ड बनवायचे. पहिल्या फळ्या उन्हात विसरलेल्या चपलेसारख्या वाकल्या. आईने एक उचलून उलटसुलट पाहिली आणि हिला चाकं लावणार की टाच, असं विचारलं. भाऊ चार दिवस तिच्याशी बोलला नाही, पण हटलाही नाही पठ्ठ्या.

त्याचं ढोपर लहानपणापासून कधी धड नव्हतं, म्हणून कंपनीचं नाव ढोपर. चित्र मी काढलं: सोललेलं ढोपर आणि त्यावर तिरकी चिकटपट्टी. दुकानदार नाक मुरडायचे, पोरं मात्र तुटून पडायची. मोठ्या कंपन्यांच्या फळ्या गुळगुळीत मैदानांत मिरवायच्या. आमच्या फळ्या रस्त्यावरच्या. पायऱ्या, बाकं, दुकानांचे ओटे, जिथून हाकलून देतात अशा सगळ्या जागा. आपल्याला कोणी काही आयतं दिलेलं नाही, हे माझ्या भावाचं पालुपद होतं. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

या स्केटबोर्डवाल्यांत एक रीत आहे, ती आधी सांगते. कंपनीसाठी खेळणाऱ्या टोळीतल्या पोराला फळ्या फुकट मिळतात, पण कंपनी ज्या दिवशी फळीवर त्याचं नाव छापते, त्या दिवशी तो खरा कोणीतरी होतो. आणि हे त्याला आधी सांगायचं नसतं. त्याने एखादी अवघड उडी मारावी, धापा टाकत उभा असावा, तेवढ्यात त्याच्या नावाची फळी बाहेर निघावी. ती दिसली की लपलेले सगळे दोस्त धावत येतात आणि त्याच्या अंगावर पडतात. माझ्या भावाच्या नशिबी हे आलं नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या बोलावण्याची वाट बघत उड्या मारता मारता त्याने गुडघा कायमचा घालवला. त्यामुळे ढोपरची पहिली नावाची फळी रीतसरच द्यायची, हे त्याने डोक्यात घेतलं होतं.

ती फळी आमच्या टोळीतल्या काडीची होती. अंगाने काडी, म्हणून काडी. आमच्याकडेच पडलेला असायचा, मला ताई, भावाला दादा म्हणायचा आणि जेवला की आपलं ताट स्वतः घासायचा. माझ्या भावाला ते अजून जमलेलं नाही. फळी मी छापली. पेटलेली काडी, खाली त्याचं नाव. मग महिनाभर आम्ही त्याला ताकास तूर लागू दिली नाही. तो गॅरेजमध्ये आला की बोलणं बंद. दाराला आतून कडी. भिंतीवरचा त्याचा फोटो भावाने काढून कॅमेरावाल्याला दिला, कारण आमच्या टोळीच्या उड्यांची जी फिल्म निघत होती तिच्या सुरुवातीला तो हवा होता. भिंतीवर तेवढी जागा पांढरी राहिली. आम्ही आपले गालातल्या गालात हसत होतो. एवढे शहाणे आम्ही.

तो सुट्टीचा दिवस होता. बँक बंद, बँकेच्या पायऱ्यांवर कोणी नाही, पहारेकरी जेवायला गेलेला. पायऱ्यांच्या मधोमध लोखंडी कठडा. वरून वेगात यायचं, उडी मारून फळी कठड्यावर टेकवायची, घसरत खाली यायचं आणि चाकांवर उतरायचं. फिल्ममधली शेवटची उडी हीच ठरली होती. माझी गाडी कोपऱ्यावर उभी होती, मागे चादरीखाली नावाची फळी. बाकीची टोळी शेजारच्या गल्लीत दबा धरून बसली होती.

काडी पडला. उठला, वर गेला, पुन्हा पडला. या खेळात पडण्याचं कोणाला काही वाटत नाही, मलाही नाही. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की तो खाली बसतच नाहीये. एरवी दोन उड्यांच्या मध्ये फतकल मारून बसणारा पोरगा. आता उभ्या उभ्या बुटाची नाडी आवळत होता आणि पायऱ्या तिरका तिरका चढत होता, कठड्याला धरून. पाय दुखावला होता. एकदा बसला तर उठता येणार नाही, हे त्याला कळलं होतं.

मी भावाला म्हटलं, पुरे कर. तो म्हणाला, एक उडी नीट लागली की झालं. मी म्हटलं, फळी दे आणि घरी चल, उडी पुढच्या महिन्यात होईल. तर म्हणे, अशी दिली तर त्याला वाटेल दया केली. कॅमेरावाला मध्येच कुरकुरला की ऊन इमारतीमागे चाललंय आणि पहारेकरी येईल. माझं डोकं फिरत चाललं होतं. एवढ्यात काडी कठड्यावरून सुटला आणि पाठीवर आपटला, असा की आवाज मला कोपऱ्यापर्यंत आला. मी पाणी घेऊन धावले.

तो एका पायावर उभा राहिला होता. ओठ पांढरे पडलेले. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"ताई, आज उडी लागली नाही तर मला काढणार ना?"

"कुठून काढणार?"

"टोळीतून. भिंतीवरून फोटो तर काढलाच आहे. मी आलो की तुम्ही सगळे गप्प होता. मला कळतं ताई. फक्त एक कर, आज उडी लागेपर्यंत दादाला इथेच थांबवून ठेव."

अरे वेड्या, एवढंच काय ते म्हटलं असेन. इथून हललास तर याद राख, असं त्याला दटावून मी गाडीकडे सुटले. हातात फळी दिल्याशिवाय त्याला माझं खरं वाटणार नव्हतं. चार गोड शब्द तर कोणालाही बोलता येतात.

गाडीच्या दाराला पाठ लावून भाऊ उभा होता. मी त्याला बाजूला हो म्हटलं. तो हलला नाही.

"त्याला वाटतंय तू त्याला हाकलणार आहेस," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"ताई, तो घाबरला की चांगला खेळतो. एकच उडी. नंतर जन्मभर खूश राहील."

हा माझा भाऊ. याला मी बोट धरून शाळेत नेलं होतं. अंगाचा असा तिळपापड झाला, की त्याला धरून बाजूला ढकलताना त्याचा दुखरा गुडघा कोणता हेही मी पाहिलं नाही. दार उघडलं, चादर फेकली, फळी उचलली आणि पळत सुटले.

काडी तोपर्यंत वर पोहोचला होता. ऐकेल तर शपथ. फळीवर एक पाय ठेवून निघायच्या बेतात होता. मी पायऱ्या चढून कठड्याच्या तोंडाशी उभी राहिले, धापा टाकत, फळी छातीशी धरून, नाव त्याच्याकडे. तो थांबला. त्याने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, परत फळीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला.

आणि गल्लीतल्या टोळीला काय दिसलं? फळी बाहेर आलेली दिसली. त्यांना तीच खूण होती. सगळे ओरडत, शिट्ट्या मारत, एका दमात पायऱ्या चढून आले आणि रीतीप्रमाणे त्याच्या अंगावर पडले. एकावर एक. तो खाली गेला आणि किंचाळला.

त्यांना वाटलं आनंदाने. ते आणखी जोरात ओरडले. मी हाताला लागेल त्याची कॉलर, केस, कान ओढत होते, उठा रे मेल्यांनो म्हणत होते, आणि त्या गोंधळात मी पण नाचतेय असंच त्यांना वाटत असणार. सगळ्यांत वरचा उठला तेव्हा कुठे खालचा आवाज नीट ऐकू आला. मग सगळे मागे सरले. पाय घोट्यापासून भलत्याच दिशेला वळला होता.

बूट कात्रीने कापावा लागला. गाडीत मागच्या सीटवर काडी आडवा, नावाची फळी त्याच्या मांडीवर. भाऊ खिडकीशी आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काडीने त्याला बोलू दिलं नाही. फळी कधी छापली, एवढंच विचारलं. भावाने माझ्याकडे पाहिलं. सांग त्याला, मी म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, महिना झाला. काडीने फळी पालथी केली आणि मला म्हणाला, ताई, गाडी काढ.

फिल्म निघाली. ढोपरचं खरं नाव झालं ते त्या फिल्ममुळे, हे कोणीही सांगेल. शेवटचा प्रसंग तोच आहे. मी फळी घेऊन धावतेय, काडीचा चेहरा, मग सगळी टोळी त्याच्या अंगावर. वर झकास संगीत आहे. किंकाळी काढून टाकली आहे. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. काडीच्या नावाची फळी सगळ्यात जास्त खपली. काडी तेव्हा कुबड्यांवर होता, आणि कुबड्या सुटल्यावरही तो गॅरेजकडे फिरकला नाही.

मीही ढोपरची छपाई बंद केली आणि त्यांना गॅरेज रिकामं करायला लावलं. त्यांचं काही अडलं नाही, आता त्यांचा मोठा कारखाना आहे. परवा भाऊ घरी आला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, ताई, तुझ्या हातची छपाई कोणाला जमत नाही, परत ये, किती दिवस धरून बसणार.

मी म्हटलं, "त्या फिल्मला काडीचा आवाज परत लाव. उद्या येते."

तो चहा संपवून गेला.