कितीबी बोला

काचेला तडा गेलेला, पाठीला रबर लावून आवळलेला मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. उमरीतल्या एका घरात, शिलाई मशीनच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझी मालकीण धम्मप्रिया. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही.

मी या घरात आलो तेव्हा नेट पाण्याच्या भावाने मिळत होतं. कंपन्यांनी जणू अन्नछत्रच उघडलं होतं. आधी फुकटात चटक लावायची आणि मग मान धरायची, हा त्यांचा धंदा. मी मूर्ख, मला तो उपकार वाटला.

त्या स्वस्ताईत एक चांगली गोष्ट मात्र घडली. धम्मप्रियाची धाकटी बहीण बुद्धप्रिया चाकूरला राहते. तिला ऐकू येतं, पण लहानपणापासून ती ताईशी हाताच्या खुणांनीच बोलते. लग्नानंतर दोघींची भेट क्वचित होई. मग त्या व्हिडिओ कॉल करायला शिकल्या. मला मशीनला टेकवून ठेवायचं आणि दोन्ही हात मोकळे करायचे. बिघडलेली बाही, सासूचा स्वभाव, करपलेली भाजी, सगळं हातांनी बोलून होई. कधी भांडण झालं की धम्मप्रिया पाठ फिरवून बसे. मग बहिणीचं सगळं बोलणंच बंद.

पुढे नेटचे भाव चढले, आणि चढतच राहिले. धम्मप्रियाचा नवरा आनंदराज मला रिचार्जच्या दुकानात घेऊन गेला.

दुकानदार रामलिंग म्हणाला, "नेटचा पॅक महागलाय. निस्तं बोलायचा हाय, लई स्वस्त. कितीबी बोला."

"मग बायकोच्या मोबाइलात तोच मारा. माझ्यात नेटचा."

हा आनंदराज रोज अनोळखी माणसांच्या भांडणांचे व्हिडिओ बघतो आणि बघता बघता घोरू लागतो. नेट त्याच्या छातीवर वाहून जातं. त्यात काटछाट करावी, हे त्याच्या मनाला शिवलंही नाही. ज्या बाईला ऐकू येत नाही, तिच्यासाठी त्याने महिनाभराचं बोलणं विकत घेतलं. विकणारा हसला नाही, घेणारा लाजला नाही.

धम्मप्रियाने कॉल लावला. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. तिला वाटलं, मीच बिघडलो. तिने मला पदराने पुसलं, बंद करून चालू केलं, मग नवऱ्यापुढे धरलं. त्याने हाताने 'नंतर' अशी खूण केली. त्याला ती एकच खूण येते.

तिकडे बहीण घाबरली. तिने आनंदराजला फोन केला, तर "बरी हाय ती" एवढंच उत्तर मिळालं. शेवटी ती एसटी धरून उमरीला आली. आधी ताईला डोळे भरून पाहिलं, मग मला हातात घेऊन रिचार्जचा मेसेज वाचला.

"दाजी, हिला बोलायचा पॅक कुणी मारला?"

"मीच. स्वस्त पडतंय."

"कुणासंग बोलंल ही?"

"अडीनडीला कुणाचा फोन आला तर..."

"आला तर ऐकंल कोण?"

आनंदराज आपल्याच मोबाइलात बघत राहिला. धम्मप्रियाच्या सासू सुमनबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पुढच्या खेपंला उलटं कर. तुला जीभ हाय, तुला निस्तं बोलायचा पुरतोय. नेट हिला मार."

तो पुटपुटला, पण आईपुढे त्याचं काही चाललं नाही. आता तो शेजाऱ्यांच्या वायफायसाठी त्यांच्या ओट्यावर ताटकळत बसतो. मला त्याची जराही दया येत नाही. दोघी बहिणी पुन्हा बोलतात, पण पॅक लहान आहे. नेट संपायच्या आत सांगून घ्यायचं म्हणून त्यांचे हात धावत असतात.

मित्रांनो, नेट घरोघरी पोचलं असं कुणी छाती फुगवून सांगितलं, तर लगेच मान डोलवू नका. घरात कुणाच्या मोबाइलात नेट मारलं आणि कुणाचा तसाच ठेवला, ते विचारा. घरधन्याच्या उत्तरावर थांबू नका, आतल्या बाईलाही विचारा. ती हातांनी सांगू लागली, तर तिचं सांगून होईपर्यंत उभं राहून बघा.