गाळलेली ओळ

मी एक तांब्या बोलतोय. हसू नका, पुण्यातल्या तांब्यालाही चार शब्द सुनावायला आवडतं. कसबा पेठेत तांबटाच्या ठोक्यांखाली मी जन्मलो आणि सदाशिव पेठेत आप्पासाहेबांच्या घरी नांदलो. एका दुपारी ओट्यावर आलेल्या तहानलेल्या गोलंदाजानं मला तोंड लावलं. तो निघाला किरिस्ताव! विस्तवातून काढलं असतं तर मी शुद्ध झालो असतो. पण आप्पासाहेब म्हणाले, "आता तूच घेऊन जा. आमच्याकडे तांब्यांची वाण नाही."

त्या गोलंदाजाचं नाव कायतान. मूळचा गोव्याचा, पेशव्यांच्या तोफखान्यात चाकरीला. त्याच्यासारख्यांनी गावाबाहेर कुडाच्या भिंतींची छोटी इगर्ज उभारली होती. ते त्यांचं देऊळ. पाद्री वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमारास, घाट चढून येत आणि नव्यांना बाप्तिस्मा देत. तेव्हा त्यांच्या डोक्यावर पाणी घालायचं काम माझं.

एरवी शिकवणी कायतानकडे. रविवारी मोठी माणसं मांडी घालून बसायची. कायतान एक ओळ म्हणे, बाकीचे ती मागून म्हणत. लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं. कायतान म्हणेल तोच धर्म.

मग भैरू आला. तोफेचे बैल हाकणारा गाडीवान. वर्षापूर्वी कात्रजच्या घाटात तो चाकाला दगड लावायला विसरला होता, तोफ मागे घसरली आणि तिच्याखाली कायतानचा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून भैरूला झोप नव्हती. इथे पाप धुतलं जातं, असं त्यानं ऐकलं होतं. शिकायला बसलेल्याला उठवायचं नाही हा इगर्जीचा नियम, म्हणून कायताननं त्याला बसू दिलं. शिकवताना मात्र तो भिंतीकडे बघायचा.

आणि प्रार्थनेतली एक ओळ त्यानं गुपचूप गाळली. शिष्यांना काय कळणार! सगळ्यांची प्रार्थना त्या एका ओळीनं आखूड झाली. जुनी मंडळी कुजबुजली, पण त्याच्या भावाचं सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचं तोंड उघडलं नाही. मला राग यायचा, पण तांब्याला कोण विचारतो?

ईस्टरला पाद्री आले. दुसऱ्या दिवशी तोफखाना स्वारीवर निघणार होता, म्हणून भैरू घायकुतीला आला होता. पाण्यानं भरलेला मी पाद्रींच्या हातात होतो. त्यांनी आधी भैरूला प्रार्थना म्हणायला लावली. त्यानं ती घडाघडा म्हटली.

"एक ओळ राहिली," पाद्री म्हणाले.

"न्हाई जी. शिकिवली तेवढी समदी म्हनली."

पाद्रींनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांची उडी त्याच जागी. मग ते कायतानकडे वळले.

"ती ओळ यांना आल्याशिवाय मी पाणी घालणार नाही. आणि ती तूच शिकवायचीस."

भैरू घाबरून एकदा कायतानकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. उद्या तो मेला असता तर असाच, कोरडा. कायतानचा जबडा आवळला होता. तो आता उठून जाणार, असं मला वाटलं.

पण त्यानं भिंतीवरची नजर काढली आणि भैरूवर ठेवली. "आमचं वाईट करणाऱ्यांना..." तो अडकला. बाकीच्यांनी तेवढंच मागून म्हटलं आणि तेही अडकले. "...आम्ही क्षमा करतो, तशी आम्हांला कर."

"मनापासून?" पाद्रींनी विचारलं.

"लांबून तोफेचा आधी धूर दिसतो, पाद्रीबाबा. आवाज मागून येतो. आज शब्द आलेत. मन येईल मागून."

पाद्रींनी मला तिरकं केलं. भैरूच्या कपाळावरून पाणी ओघळलं आणि तो मोठ्यानं रडला. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला धर्मबाप लागतो. कुणी पुढे होईना. शेवटी कायतानच झाला.

त्या स्वारीतून कायतान परतला नाही. भैरू परतला.

आता शिकवणी तोच घेतो. माझी कल्हई उडाली आहे, काठाला पोचा आलाय, आणि गोव्याहून चांदीचं नवं भांडं येणार आहे म्हणे. येऊ दे. पण वर्गात शकू नावाची एक बाई बसते. सावकाराच्या माणसांनी तिचं घर जाळलं. त्या ओळीपाशी आली की ती ओठ मिटते. परवा तिनं फणकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही कुणाला केली हो क्षमा?"

"म्या कुनाला करनार, बाय? त्या वळीत म्या दुसऱ्या टोकाला हाय."

शकू पदर झटकून उठून गेली. पुढच्या रविवारी मात्र ती पुन्हा येऊन बसली. ईस्टर जवळ आलाय आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसलोय. ते उघडेपर्यंत तरी मला मोडीत घालू नका.