धुराखालची होडी

कापसाचा बोळा धुरावरून फिरला आणि धुराखालून बोटं निघाली.

चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईने हात थांबवला. चित्रात शिडांची दोन लढाऊ जहाजं एकमेकांवर तोफा डागत होती. त्यांच्यामधला काळपट धूर बोळ्याबरोबर निघून येत होता आणि त्याच्याआड एक होडी होती. पाण्यातल्या कुणीतरी तिचा काठ घट्ट धरला होता. होडीतल्या माणसाने त्या बोटांवर वल्हं उगारलं होतं.

"हा धूर मूळचा नाही," ती म्हणाली. "मागाहून घातलाय, तोही पुन्हा पुन्हा. रंग जुना झाला की विरळ होतो, खालचं वर येतं. तसं दिसायला लागलं की कुणीतरी नवा थर देत असणार."

बाकावरच्या दोघी म्हाताऱ्या जावा उठून जवळ आल्या. चित्र थोरलीच्या नवऱ्याच्या मालकीचं. तो गेल्या हिवाळ्यात वारला होता.

"हेच द्यायचे," थोरली म्हणाली. "खिडक्यांचा उरलेला रंग घेऊन बसायचे. मला वाटायचं, हौस आहे."

तरुणपणी दोघे भाऊ एकाच बोटीवर कामाला होते. बोट बुडाली आणि छोट्या होडीतून थोरला तेवढा परत आला. मी ओढत होतो, त्यानेच हात सोडला, एवढंच त्याने सांगितलं. घरात तान्हं मूल असताना माणूस हात सोडतोच कसा, हे धाकटी जन्मभर स्वतःला विचारत आली. थोरल्याने तिचा संसार अंगावर घेतला, पोराला शिकवलं, तिला कशाची ददात पडू दिली नाही. देवमाणूस, असं सगळे म्हणत. धाकटीही म्हणायची.

"परत धूर घाला हो त्यावर," थोरली घाईने म्हणाली. "भलतंच काहीतरी. भिंतीवर कशाला हवं?"

धाकटी चित्राला नाक लागेल इतकी वाकली. बोटांची पेरं जोर लावून पांढरी पडली होती. ओल सुकत होती तशी ती आणखी वर येत होती.

"ताई," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे आमच्या ह्यांनी हात सोडला नव्हता."

"अगं, चित्र आहे ते! आपल्या पणज्यांच्याही आधीचं."

धाकटीने पिशवी उचलली.

जिना उतरताना थोरलीने नेहमीसारखा हात पुढे केला. धाकटीने कठडा धरला.