शिशाचा ठिपका

"यातला तुमचा दगड कुठला?"

बू एंदांगनी, म्हणजे एंदांगबाईंनी, तिसऱ्यांदा विचारलं. परीक्षा घ्यायला त्या जकार्ताहून आल्या होत्या. समोर जुन्या दगडांची, सरावासाठी रचलेली भिंत होती. वागिमानने पुन्हा तोच दगड दाखवला.

"हा, बू. तिसऱ्या थरातला."

"हा तर जुना आहे."

"नाही हो. सकाळीच बसवला."

मागे उभे असलेले पाथरवट हसले. "बू, म्हाताराच हजार वर्षांचा आहे, दगडाचं काय घेऊन बसलात!"

वागिमान एक्कावन्न वर्षांचा होता. तिथल्या हजार वर्षं जुन्या दगडी मंदिराच्या डागडुजीवर सत्तावीस वर्षं रोजंदारीने राबलेला. हात बापाच्या हाताखाली तयार झाला, कागद कुठलाच नाही. आता नवा नियम निघाला होता: प्रमाणपत्र असेल त्याला दिवसाला एक लाख सत्तर हजार रुपिया. नसेल त्याला एक लाख दहा, आणि छिन्नी बंद. नुसतं दगड वाहायचं काम.

सकाळी प्रत्येकाला एक ओबडधोबड दगड आणि भिंतीतली एक रिकामी जागा मिळाली होती. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाला दगड भिडला पाहिजे. वागिमानने पाच तासांत भिडवला. मग वरून चिखलाचं पाणी फिरवलं. रविवारी तो रस्त्याकडेच्या मूर्तींच्या कारखान्यात जाई. तिथे नवी मूर्ती जुनी दिसली तरच खपायची. आज हात रविवारचा चालला, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"नव्या दगडाच्या कोपऱ्यात शिशाचा ठिपका लागतो, माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत आहे की. पण तो ऑफिसचा माणूस घालतो. आम्ही दगड बसवतो, तो येऊन भोक पाडतो, शिसं ओततो, वहीत लिहितो. त्याच्या कामाला आम्ही कसा हात लावणार? मी त्याचीच वाट बघत होतो."

बू एंदांगनी सांध्यावरून नख फिरवलं. ते कुठेच अडकलं नाही.

"काढून दाखवू का?" वागिमान म्हणाला. "कड तुटेल पण."

"नको. विश्वास बसला माझा. म्हणूनच पास करता येत नाही."

"म्हणजे काम चांगलं झालं की वाईट?"

"चांगलं झालं, पाक," वडीलधाऱ्याला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या. "पण शंभर वर्षांनी कोणी अभ्यासाला आलं, तर खरं जुनं कुठलं हे त्याला कळायला नको?"

वागिमानने मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

"सांध्याचे गुण किती?"

"पैकीच्या पैकी. पण ठिपका सक्तीचा आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बसा."

तंत्रशाळेतून आलेली रतिह शेजारीच होती. तिच्या दगडाभोवती नाणं जाईल एवढी फट होती, ठिपका मात्र सुबक, गोल. ती पास झाली.

"पाक, मला सांधा शिकवाल?" ती हळूच म्हणाली.

"तू मला ठिपका शिकव."

दोघंही हसले, पण वागिमानचं हसू लवकर आटोपलं.

दोन दिवसांनी ती भिंत उतरवायला घेतली. रतिह वही घेऊन उभी होती. ठिपकेवाले दगड डावीकडे, बिनठिपक्याचे उजवीकडे. वाहायला वागिमान होता. तिसऱ्या थरातला तो दगड उचलून आणताना त्याची चाल मंदावली.

"उजवीकडे, पाक," वहीतून मान वर न करता रतिह म्हणाली.

"हा नवा आहे."

"ठिपका कुठाय?" तिने वर पाहिलं. "अय्या, तुमचा! आता मी काय लिहू?"

"मला काय विचारतेस? लिहिणारी तू."

रतिहने पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. वागिमानचे दंड भरून आले होते. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग दोन्ही ढिगांच्या मधल्या गवतावर, कड दुखावणार नाही अशा बेताने दगड टेकवला आणि तो पुढचा आणायला वळला.