फुगीर काचेतला लहानू

मित्रांनो, मी एक जुना फुगीर आरसा आहे. इतवारीतल्या एका भंगाराच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. माझ्यासमोर एक भिंत, दोन फुटके दिवे आणि सायकलची एक घंटी आहे. माणूस नाही. काचेचे पोट पुढे आल्यामुळे मला पुष्कळ दिसते, पण सारेच लहान आणि दूर दिसते. माझ्यात कोणी जवळ येतच नाही.

एकोणीसशे एकाहत्तर साली देवराव ड्रायव्हरांनी मला विकत घेतले. ते उमरेडहून नागपूरच्या टालीवर, म्हणजे कोळशाच्या वखारीवर, ट्रकने कोळसा आणत. मागचे पाहायला त्यांच्याकडे फक्त लहानू क्लीनर होता. तो गाडीच्या मागे मधोमध उभा राहून ओरडे, "येऊ द्या, येऊ द्या... बस!" एकदा त्याच्या 'बस'नंतरही गाडी थांबली नाही आणि टालीवरच्या काटाघराची भिंत पडली. मालक मधुकरराव म्हणाले, "पुन्हा भिंत पडली, तर किल्ली ठेवा आन घरी जा."

म्हणून देवराव आरशांच्या दुकानात आले. दुकानदार म्हणाला, "सपाट आरसा अंतर बरोबर दाखवते. फुगीर जास्त दाखवते, पन सारं दूर करते." देवरावांनी त्याच्या ओठांकडे बघत दोनदा विचारले आणि मला उचलले. "मले जास्त दिसाले पायजे," ते म्हणाले.

लहानूनेच मला दोन बोल्टांनी ड्रायव्हरच्या उजव्या दाराच्या चौकटीवर बसवले. देवरावांची मान हलेपर्यंत तो मला तिरपा करत राहिला. मग म्हणाला, "झालं! आता मी कशाले पायजे? घरी जाऊन पापड वाळवतो." देवराव समोर बघत राहिले. लहानूला वाटले, आरसा आला तसा यांना ताठा आला. तेव्हापासून दोघांमध्ये बोलणे उरले नाही. केबिनमध्ये देवराव एकटे, मागच्या फळक्यावर लहानू एकटा, आणि दाराबाहेर मी.

मी आल्यावर टालीवर पहिल्यांदा गाडी मागे घेताना काटाघराची नव्याने बांधलेली भिंत माझ्यात खूप लांब दिसत होती. देवरावांनी माझ्यावर विश्वास ठेवला. लहानू रुसवा विसरून बाजूला धावला आणि ओरडला. त्याचे उघडे तोंड मला दिसले. पण गाडी थांबली ती फळका भिंतीला टेकल्यावरच. भिंत उभी राहिली, फक्त चुना गळला.

लहानू तावातावाने डाव्या खिडकीशी आला. "काहून आयकत नाही तुमी? मी का गाडीतला कोळसा हाओ?" देवरावांनी मान वळवली नाही. लहानू थबकला. मग हळूच म्हणाला, "देवरावजी, तुमच्या खांद्यावर विंचू हाय."

देवराव शांतपणे विडी काढत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या आरशावरची धूळ पुसत जा. आणि हाक मारूनही कोणी वळले नाही, तर रागावण्याआधी त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. लहानूने तेच केले. तो उजव्या दाराशी आला, स्वतःच्या कानाला बोट लावले आणि भुवया उंचावल्या. देवरावांनी विडी विझवली. मग म्हणाले, "कोनाले सांगू नको गा."

त्या दुपारी लहानूने एक रिकामे पिंप मागे ठेवले. जवळ, दूर, पुन्हा जवळ. दर वेळी देवराव आधी मला बघत, मग उतरून पिंपाकडे बघत. माझ्यात केवढे दिसते म्हणजे खरे किती जवळ, हे ते शिकत होते. मधोमध उभा माणूस माझ्यात येत नाही, म्हणून लहानूने उजवीकडची जागा धरली. उघडा पंजा म्हणजे या, मूठ म्हणजे थांबा.

चुना पडल्याचे मालकांच्या कानावर गेलेच. दुसऱ्या दिवशी ते स्वतः काटाघरापाशी येऊन उभे राहिले. "घ्या मागे," ते म्हणाले.

माझ्यात लहानू ज्वारीच्या दाण्याएवढा होता. त्याचा पंजा उघडा होता. देवरावांचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. भिंत वाढत गेली, वाढत गेली. दाण्याने मूठ मिटली. ब्रेक लागला.

मधुकररावांनी फळका आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला. अंतर भरले चार बोटे. किल्ली देवरावांकडेच राहिली.