अकरा मिनिटांचा नायक

मित्रांनो, मी चित्रपटाची एक जुनी फीत आहे. सिंगापूरच्या सेम्बावांग भागात, एका फ्लॅटच्या बॉम्ब शेल्टरमध्ये, पत्र्याच्या गोल डब्यात माझा मुक्काम आहे. बॉम्ब शेल्टर म्हणजे घरातलीच जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली. युद्ध काही आलं नाही, म्हणून लोक तिथे बॅगा, गणपतीची आरास आणि लोणच्याच्या बरण्या ठेवतात. माझी गोष्ट मला आजच सांगायला हवी. पुढे मी सांगण्याच्या अवस्थेत असेन की नाही, कोण जाणे.

माझा जन्म पन्नास वर्षांपूर्वी मद्रासच्या एका प्रयोगशाळेत झाला. एका मल्याळम चित्रपटाची मी शेवटची अकरा मिनिटं. त्याचा नायक होता कुंजुरामन. हा आधी इथेच, सेम्बावांगच्या गोदीत वेल्डर होता. ओणमच्या नाटकांत काम करता करता एका दिग्दर्शकाच्या नजरेत भरला आणि नोकरी सोडून केरळला गेला. माझ्यात तो होडीत उभा राहून ओला सदरा पिळतो आणि मान मागे टाकून हसतो. काय हसायचा! पण चित्रपट दोन आठवड्यांत उतरला. पुन्हा कुणी त्याला नायक केलं नाही.

मग काय, पोटासाठी त्याने मिळेल ते केलं. हवालदार, सावकार, दारुडा, नवरीचा बाप. चाळीस वर्षांत दीडशेवर चित्रपट, आणि बहुतेकांत मध्यंतराआधीच मरण. कधी सुरा, कधी विहीर, एकदा तर हत्ती. रस्त्यात लोक त्याला ओळखत आणि विचारत, "यंदा कसे मरणार?" तो हसून वेळ मारून नेई, पण घरी आल्यावर ट्रंक उघडून माझ्या डब्यावर हात ठेवून बसे. फक्त माझ्यातच तो शेवटपर्यंत जिवंत होता. मला त्याचा अभिमान वाटे, आणि त्याची कीवही येई.

या चित्रपटाच्या माझ्या बाकीच्या बहिणी पुरात गेल्या. मूळ निगेटिव्हचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. पंचवीस वर्षांपूर्वी कुंजुरामन एका कार्यक्रमासाठी सिंगापूरला आला, तेव्हा मला शामकांत यांच्या हवाली करून गेला. शामकांत रत्नागिरीचे मरीन इंजिनीअर, गोदीतल्या दिवसांपासूनचे त्याचे मित्र. दोघांची भाषा बंदरावरची हिंदी. "मेरे घर में पानी आता है, शाम. तू संभाल," एवढंच तो म्हणाला.

आणि शामकांतांनी सांभाळलं! जहाजात पाणी शिरू न देण्यात आयुष्य घालवलेला माणूस तो. डब्याच्या कडेला त्यांनी रबराचं गॅस्केट बसवलं, वर चिकटपट्टीचे सात वेढे दिले आणि पत्नीला, प्रेमाताईंना म्हणाले, "आता समुद्रात टाकला तरी आत थेंब जाणार नाही." दर खंडेनवमीला नट-बोल्टचे पाने आणि हातोडीशेजारी मला मांडून ते हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत. लेकरासारखं जपलं त्यांनी मला. फक्त एकदाही उघडलं नाही.

इथेच घात झाला. वय झालं की माझ्यासारखीच्या अंगातून आंबट वाफ निघते. तिला वाट मिळाली तर ती निघून जाते. कोंडली, तर तीच आम्हाला खाते. आधी होडीची कड वाकली. मग नदी गेली. त्याच्या सदऱ्याला फोड आले तेव्हा मी फार घाबरले, पण ओरडणार कशी? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत मी रोज थोडी थोडी संपत होते.

गेल्या वर्षी गॅस्केटला चीर गेली आणि वास बाहेर पडला. प्रेमाताईंना वाटलं, लोणचं बिघडलं. त्यांनी तीन बरण्या टाकून दिल्या. नात तन्वी मात्र डब्यापाशी थबकली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, धिस वन व्हिनेगर स्मेल, लाह. टिनमधूनच येतोय."

"माझं सील आहे ते! काहीतरीच बोलू नकोस," शामकांत हसून म्हणाले.

गेल्या आठवड्यात केरळहून फोन आला. ऐंशी पूर्ण झाल्याबद्दल कुंजुरामनचा त्रिशूरला सत्कार आहे. तिथे त्याला मला पडद्यावर दाखवायचंय. जुना प्रोजेक्टरही शोधून ठेवलाय. आजोबा कधीकाळी नायक होते, हे त्याच्या नातवंडांनाही खरं वाटत नाही. "ग्यारह मिनट, शाम. फिर मरने दो मुझे," तो म्हणाला.

आज सकाळी शामकांतांनी मित्राला व्हिडिओ कॉल लावला. डबा त्याच्यासमोरच उघडायचा होता. फोन तन्वीच्या हातात होता. चिकटपट्टी कापली, झाकण निघालं आणि तन्वी खोकत मागे सरली. माझे वेढे एकमेकांना चिकटून वडीसारखे घट्ट झाले होते. शामकांतांनी टोक सोडवायला घेतलं, ते हातातच तुटलं. वीतभर तुकडा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. त्यावर बुडबुडे होते, पांढरी भुकटी होती. माणूस नव्हता.

"शाम, मैं दिखता हूँ क्या?" फोनमधून आवाज आला.

शामकांतांनी खूण केली. तन्वीने फोन छताकडे वळवला.

"दिखता है," ते म्हणाले. "हँस रहा है तू."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

मित्रांनो, शामकांतांना बोल लावू नका. त्यांनी मला जीव लावला. पण कोंडून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. तुमच्या घरी कुणी विश्वासाने काही ठेवलं असेल, तर त्याची पूजा थोडी कमी करा, पण ते अधूनमधून उघडा. वारा लागू द्या. वास आला तर लहान मुलाचंसुद्धा ऐका.

रविवारी त्रिशूरला पडदा बांधतील. शामकांतांनी विमानाचं तिकीट रद्द केलेलं नाही. मला बॅगेत ठेवलंय. "फोनवर जमलं नाही गं. समोर बसून सांगेन," असं ते प्रेमाताईंना म्हणाले. तिकडे कुंजुरामन नातवंडांना घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसेल. दिवे मालवण्याआधी कुणीतरी त्याला सांगेल ना?